बाळाचे गप्प राहणे

त्या घरात आंघोळीला गेलेल्या माणसाने गप्प राहायचे नाही, असा नियम होता. तो कोणी भिंतीवर लिहून लावलेला नव्हता. परंतु घरातील सर्व माणसे तो पाळीत असत. न्हाणीघराच्या दाराला कडी लागली की आतून काही ना काही ऐकू येत राहिले पाहिजे. गुणगुणणे, खाकरणे, बादलीवर तांब्या वाजविणे, यांपैकी काहीही चालत असे. आवाज थांबला आणि अंमळ थांबलेलाच राहिला, की दारावर थाप पडे आणि बाहेरून प्रश्न येई, "ठीक ना?"

थाप मारणारा त्या घराचा कर्ता पुरुष होता. शहरातील तरणतलावावर तो जीवरक्षकाची नोकरी करीत असे. त्याच्या आईचे सारे आयुष्य टेलिफोनच्या कचेरीत लोकांची बोलणी जोडून देण्यात गेलेले असल्यामुळे तिला हा नियम मुळीच जड गेला नाही. ती आत बसून शेजारणीच्या जावयापासून स्वतःच्या गुडघ्यापर्यंत सर्व विषयांवर एकटीच बोलत राही आणि बाहेर आल्यावर म्हणे, "घे बाबा, लागली माझी हजेरी. मी आहे. साबण मात्र गेला." पत्नी स्वभावाने अबोल होती. चष्म्याच्या दुकानात काचा घासून त्या चौकटींत बसविण्याचे तिचे काम, आणि ते काम करताना बोलण्याचा प्रसंग फारसा येत नाही. आंघोळीच्या वेळी काय बोलावे हे न सुचल्यामुळे ती पाढे म्हणत असे. सतराच्या पाढ्यात ती हटकून अडखळे, आणि नेमकी तेव्हाच थाप पडे.

या नियमाचे मूळ त्याच्या व्यवसायात होते. बुडणारा माणूस हाका मारतो, हात उंचावतो, पाणी ढवळून काढतो, अशी सामान्य जनांची समजूत असते. जीवरक्षकाला शिकविले जाते ते याच्या उलट. ज्याला ओरडता येते त्याचा श्वास चाललेला असतो. जो खरोखर बुडत असतो त्याच्यापाशी आवाजापुरताही श्वास उरत नाही, आणि हातभर अंतरावरील माणसाला कळू न देता तो मुकाट्याने खाली जातो. आपल्या नोकरीत त्याने ज्यांना ज्यांना बाहेर काढले होते, त्यांपैकी एकानेही हाक मारलेली नव्हती. त्यामुळे तलावावर कितीही कल्लोळ चालला असला तरी तो स्वस्थ असे. एखादा कोपरा शांत झाला की मात्र तो ताडकन उठून उभा राही. ही सवय हळूहळू त्याच्या मागोमाग घरी आली आणि घरचीच होऊन राहिली.

मुलगी झाल्यावर ही सवय दुणावली. मुलीचा चेहरा वाटोळा, मधोमध दोन काळेभोर डोळे. म्हणून आजी तिला गुंडी म्हणू लागली आणि तेच नाव रूढ झाले. गुंडी दुपारी गाढ झोपली की हा चार वेळा आत जाऊन तिच्या नाकापुढे बोट धरी, आणि बोटाला श्वास लागला तरी खात्रीसाठी तिचे पाऊल हलवी. ती जागी होऊन रडू लागली की त्याचा जीव भांड्यात पडे. "अरे, पोरगी झोपलीये, बुडाली नाहीये," असे आजी म्हणे, आणि नातीला पुन्हा झोपविण्याचे काम तिच्याच अंगावर येई.

गुंडी आठ महिन्यांची होत आली, त्या सुमारास त्याला शहराबाहेरील मोठ्या तळ्यावर मुख्य जीवरक्षकाची जागा देऊ करण्यात आली. त्या जागेबरोबर राहायला घर मिळणार होते. सध्या ही मंडळी मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका गॅरेजच्या माथ्यावर दोन खोल्यांत राहत. दिवसभर खालून पत्रा ठोकल्याचे आवाज आणि तेलाचा वास येई. तळ्यावरचे घर पाहायला सर्वजण गेले तेव्हा पत्नीने आधी खिडक्या पाहिल्या. प्रत्येक खोलीला खिडकी, आणि प्रत्येक खिडकीतून लांबवर उजेड! दिवसभर बारीक काम करून शिणलेल्या तिच्या डोळ्यांना तेथे बसावेसे वाटले. त्याने पाहिल्या त्या ओट्यावरून थेट पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. त्याच आठवड्यात गुंडी रांगू लागली होती.

परत येताना तो म्हणाला, "गुंडी पाण्याला सरावली तर आपण इथं यायचं. नाही सरावली, तर मी नको म्हणून कळवणार."

महिनाअखेरपर्यंत उत्तर द्यायचे होते.

तरणतलावावर तान्ह्या मुलांचा एक वर्ग चालत असे. तो चालविणाऱ्या प्रशिक्षिकेला लहानथोर सगळे नुसतेच बाई म्हणत. पहिल्याच दिवशी त्यांनी पालकांना स्पष्ट सांगितले की या वयात कोणी पोहायला शिकत नाही, आणि तसे कोणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. पाणी ही आपल्या माणसाच्या कुशीतलीच एक जागा आहे, एवढे मुलाला कळले तरी पुष्कळ झाले. उद्या ते कितीही सराईत झाले तरी पाण्याजवळ त्याला क्षणभरही एकटे सोडायचे नाही, हे मात्र जन्मभर लक्षात ठेवायचे. जीवरक्षकाने मान डोलावली. हे त्याला नव्याने सांगण्याची आवश्यकता नव्हती.

बालकाची पाण्याशी पहिली भेट ही हात जोडून पाहावी अशी घटना आहे. गुंडीला कडेवर घेऊन तो कोमट पाण्याच्या उथळ कुंडात उतरला. प्रथम तिच्या पायांची बोटे भिजली आणि ती फाकली. मग पाणी पोटापर्यंत आले, तेव्हा तिने श्वास आत ओढून धरला आणि सावकाश सोडला. मूठ उघडून तिने तळहात पाण्यावर टेकविला, उचलला, पुन्हा टेकविला. टेकविताच वर्तुळे उमटत आणि दूर जात, आणि त्यांच्यामागे तिची नजर जाई. जगात आल्यापासून तिने जे जे पाहिले होते त्यात हात लावताच हात लावल्याचे उत्तर देणारी अशी वस्तू दुसरी नव्हती. ती अगदी निःशब्द झाली.

त्याने तिला झटकन वर उचलले.

"काय गं? काय झालं? बोल की, ए गुंडे."

गुंडी दचकली. तिला पुन्हा पाण्यात उतरविले, पुन्हा ती वर्तुळांत रमली, पुन्हा गप्प झाली आणि पुन्हा वर उचलली गेली. काठावर बसून पाहणाऱ्या पत्नीच्या डोळ्यांसमोर हे अनेकदा घडले. शेवटी मुलीने जिवाच्या आकांताने भोकाड पसरले, आणि आश्चर्य असे की ते ऐकताच त्याचे आवळलेले खांदे सैल पडले.

त्यानंतरच्या वर्गाला पाण्याचा स्पर्श होताच ती रडली. पुढच्या वेळी कुंडाच्या काठावर, आणि त्याच्या पुढच्या वेळी पोहण्याचा लंगोट चढविताना कपडे बदलण्याच्या खोलीतच तिने सूर लावला. इतर मुले बापांच्या खांद्यावर डोके टेकून उताणी तरंगत होती. एक ढेरपोट्या मुलगा तर तसाच झोपी गेला होता. बाईंनी जीवरक्षकाला बाजूला बोलावले. काही मुलांना पाणी लगेच मानवत नाही, त्यात कमीपणा काहीच नाही, असे त्यांनी समजावले. पुढच्या वर्गालाही अशीच रडली तर थांबू, दोनेक वर्षांनी पाहू. जबरदस्ती केली तर भीती हाडात जाऊन बसते. ते ऐकून त्याने पत्नीकडे पाहिले. दोन वर्षे थांबायचे म्हणजे खिडक्यांचे घर गेले, हे दोघांनाही कळले.

तो आठवडा घरात फार अस्वस्थ गेला. तो बसे आणि उठे. दाराची कडी लावी आणि काढून पुन्हा लावी. जेवताना मध्येच थांबून कान देई. तळ्याच्या कचेरीला नकार कळवायचा तर लवकर कळवावा, असे तो दिवसातून दोनदा म्हणे, आणि कळवीत मात्र नसे. आजी म्हणाली की असा पिंजऱ्यातल्यासारखा फिरणार असशील तर निदान हातात केरसुणी तरी घे, खोली झाडून होईल.

एके सकाळी तो कामावर गेला असताना पत्नी गुंडीला न्हाऊ घालण्यास बसली. रुंद टबात पाणी घेऊन तिने मुलीला उताणे धरले. एक हात मानेखाली, दुसरा पाठीखाली. नवरा घरी नसला की ती पाढे म्हणत नसे. खालच्या गॅरेजातही अजून कोणी आले नव्हते. गुंडीचे कान पाण्याखाली गेले आणि ती गप्प झाली. पत्नी तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. काचेवरचा केसाएवढा ओरखडा शोधण्याची सवय झालेल्या डोळ्यांनी ती भीती शोधीत होती. भुवया सैल होत्या, मुठी उघड्या होत्या. कपाळावर हळूच पाणी सोडले तेव्हा पापण्या मिटल्या, उघडल्या, आणि जिभेचे टोक बाहेर येऊन ओठावरचा थेंब चाटून गेले.

"आई, जरा इकडं या," ती हळूच म्हणाली. "पण बोलू नका."

"त्यापेक्षा जीव दे म्हण, ते जमेल," असे पुटपुटत आजी आली. पण दारातच थांबली आणि खरोखर गप्प राहिली. बऱ्याच वेळाने तिने सुनेच्या कानाशी लागून विचारले, "पाण्याला भिते म्हणतात ती हीच का?"

संध्याकाळी तो घरी आल्यावर पत्नीने पाहिलेले सारे त्याला सांगितले. मुलगी पाण्यात गेली की गप्प होते, कारण तिला पाणी आवडते. ती गप्प झाली की तो तिला हिसका देऊन वर काढतो. असे पुष्कळदा झाल्यावर तिने आपल्या परीने अर्थ लावला आहे, की बापाबरोबर पाण्यात गेले की ओरडायचेच असते.

"मग काय करू?" तो म्हणाला. "गप्प झालेलं मूल तसंच पाण्यात ठेवू?"

"हो."

"गप्प झालेली माणसं कशी दिसतात ते तू पाहिलेलं नाहीस."

"नाही पाहिलेलं. मी गुंडीला पाहिलंय. पुढच्या वर्गाला मी उतरते तिला घेऊन. तुम्ही काठावर बसा."

तिला पोहता येत नव्हते, हे त्याने बोलून दाखविले. छातीएवढ्या पाण्यात उभे राहता येते, असे ती म्हणाली. तेथेही पाय घसरतो, असे तो म्हणाला.

"घसरला तर घसरला," आजी मध्ये पडली. "नवरा जीवरक्षक केलाय तो कशासाठी? फोटो काढायला?"

वर्गाच्या दिवशी तो सकाळची पाळी संपवून तसाच काठावरच्या बाकावर येऊन बसला. गळ्यातील शिटी काढून ठेवण्याचे भान त्याला राहिले नव्हते. पत्नी कठडा धरून एकेक पायरी उतरली. पाणी कमरेपर्यंत आले तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला. परंतु कडेवरच्या मुलीला तिने तो दिसू दिला नाही. गुंडीने ठरल्याप्रमाणे रडण्यास प्रारंभ केला. पत्नीने तिला वर उचलले नाही, चुचकारले नाही, की ती तिच्याशी बोललीही नाही. बाईंनी दाखविल्याप्रमाणे तिचे डोके आपल्या खांद्यावर टेकवून ती पाठीमागे पाठीमागे सावकाश चालत राहिली. रडणे हुंदक्यांवर आले, हुंदके विरळ झाले. मग मुलीचे कान पाण्यात बुडाले, आणि ती शांत झाली.

बाकावर बसलेल्या माणसाला त्या सबंध तलावातून केवळ ती एक शांतता ऐकू आली. तो उठला. पत्नीची पाठ मध्ये आल्याने मुलीचा चेहरा दिसत नव्हता. त्याने स्वतःला बजावले की बस. आणि बजावीत असतानाच त्याच्या हाताने शिटी तोंडाशी नेली व छातीने ती फुंकली.

शिटी वाजली की पाण्यातून बाहेर पडायचे, हे त्या तलावावर सर्वांच्या अंगवळणी पडलेले होते. उथळ कुंडातील आईबापांनी आपापली मुले छातीशी कवटाळली. मोठ्या तलावातील पोहणारे भराभर काठ गाठू लागले. कामावर असलेला दुसरा जीवरक्षक धावत आला आणि विचारू लागला, "कोण? कुठं?" त्या कर्कश आवाजाने सगळी तान्ही मुले एका सुरात रडू लागली होती, आणि त्यांत गुंडीचा सूर सर्वांत वर होता.

"कोणी नाही," तो म्हणाला. "चुकून वाजली."

बाई ओलेत्या पायांनी त्याच्यापाशी आल्या. त्या ओरडल्या असत्या तर त्याला बरे वाटले असते.

"शिटी द्या इकडं," त्या म्हणाल्या. "आणि काचेच्या पलीकडं जाऊन उभे राहा."

"तिथून ऐकू येत नाही."

"म्हणूनच तिथं."

तलावाच्या एका अंगाला पाहुण्यांसाठी लांबट दालन होते, आणि मध्ये जाड काचेची भिंत. दार लागले आणि सारा आवाज तुटला. काचेपलीकडे माणसे पुन्हा पाण्यात उतरत होती. मुले तोंड उघडून हसत होती, कोणी कोणाला हाक मारीत होते, आणि त्यांतले काहीच इकडे येत नव्हते. त्याने आजवर जी शांतता एकेका कोपऱ्यात शोधली होती, ती आता सबंध तलावावर पसरली होती. तो दाराकडे गेला, मुठीला हात घातला, आणि परत आला. पुन्हा गेला, पुन्हा परत आला. कान निरुपयोगी झाल्यावर डोळ्यांवाचून गत्यंतर उरले नाही. म्हणून त्याने कपाळ काचेला टेकविले आणि पाहू लागला.

काय पाहायचे ते त्याला पाठ होते. मागे कललेले डोके. पाण्याच्या रेषेवर आलेले, उघडेच राहिलेले तोंड. काचेसारखे, कशावरही न ठरणारे डोळे. तोंडावर आलेले केस, जे बुडणारा माणूस बाजूला सारीत नाही. पत्नी चालत चालत वळली आणि गुंडीचा चेहरा त्याच्यासमोर आला. त्याने एकेक खूण तपासली. डोके खांद्यावर विसावलेले. तोंड पाण्याच्या बरेच वर, मिटलेले. डोळे? डोळे हलत होते. पाण्यावरून उसळलेला उजेड छतावर थरथरत होता, आणि तो जिकडे सरके तिकडे ते जात होते. कपाळावरचा ओला केस तिला टोचला असावा. तिने वेंधळेपणाने हात आणून तो पुसला आणि पुन्हा वर पाहू लागली.

इतकी वर्षे तो पाण्यातील माणसांकडे पाहत आला होता, आणि ज्यांना धोका नाही त्यांच्यावरून त्याची नजर तत्काळ पुढे सरकत असे. ज्याचे सर्व काही ठीक आहे असा माणूस पाण्यात गप्प असताना कसा दिसतो, हे पाहण्यासाठी तो कधी थांबलाच नव्हता. आता तो थांबून पाहत होता, आणि तरीही त्याचा एक पाय दाराच्या दिशेनेच वळलेला होता.

पत्नीने काचेकडे पाहिले आणि हनुवटीने त्याला आत बोलावले.

तो आत आला. कपडे बदलून पायऱ्या उतरला. पत्नीने मुलगी त्याच्या हातांवर दिली आणि विचारले, "मग, येतो म्हणून कळवायचं का?" हात ओळखताच गुंडीचे अंग ताठ झाले होते. ओठ खाली वळले, हनुवटी कापू लागली, तोंड उघडले. आणि ती त्याच्याकडे पाहत वाट पाहू लागली. आता वर उचलले जाणार, हे तिला ठाऊक होते. त्याच्या दंडांनाही ठाऊक होते. ते आपणहून आवळले गेले. पत्नी एका हाताने कठडा धरून शेजारी उभी राहिली.

त्याने तळहात होते तेथेच ठेवले.

गुंडीने पुष्कळ वेळ वाट पाहिली. उघडलेले तोंड तसेच उघडे राहून राहून दमले आणि मिटले. तिने एकदा बापाच्या नाकाकडे, एकदा त्याच्या भिजलेल्या मिशीकडे संशयाने पाहिले. मग तिची मान वळली, डोळे छतावर गेले, कान पाण्याखाली गेले, आणि ती निःशब्द झाली.

"कळव," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. मुलीच्या चेहऱ्यावरून त्याने नजर काढली नाही. पाण्याखाली त्याचे गुडघे लटपटत होते, आणि ती लटपट त्याच्या हातांतून मुलीपर्यंत पोहोचून तिला हळूहळू डोलवीत होती. तिला ते आवडत असावे.